दुर्बिणीतला कोळी, राजाचं डोकं आणि इंग्लंडचं सतरावं शतक

माळावरचा

गेल्या रविवारी मार्स्टन मूरला जाऊन आलो. लीड्सला राहायला आल्यापासून यॉर्कला कितीतरी वेळा गेलो असेन पण वाटेवरच्या या माळावर कधी थांबलो नव्हतो. लाँग मार्स्टन आणि टॉकविथ अशी दोन छोटी गावं, मधून जाणारा अरुंद रस्ता, कडेला एक दगडी स्तंभ आणि दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर शेतं. मी आणि बायको अर्धा तास उभे होतो, तेवढ्या वेळात एक ट्रॅक्टर गेला, बस.

२ जुलै १६४४ ला संध्याकाळी सातच्या सुमाराला पावसाची सर आणि गडगडाट चालू असताना याच शेतांत राजाची आणि पार्लमेंटची मिळून ४० हजारांहून जास्त माणसं एकमेकांवर तुटून पडली. दोनेक तासांत निकाल लागला. पहिल्या चार्ल्स राजाच्या बाजूची सुमारे ४ हजार माणसं पडली असं धरतात, आणि उत्तर इंग्लंड राजाच्या हातून गेलं ते गेलंच. त्या पडलेल्यांमध्ये विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक तिशीतला माणूस होता, लीड्सजवळच्या मिडलटनचा. मी स्तंभ बघायला गेलो नव्हतो, या माणसासाठी गेलो होतो.

गॅस्कॉइन घरच्या घरी दुर्बिणी बनवायचा. एकदा त्याच्या उघड्या राहिलेल्या दुर्बिणीत कोळ्याने धागा ताणून ठेवला, आणि तो नेमका अशा जागी की डोळा लावल्यावर समोरचं दृश्य आणि कोळ्याचा धागा दोन्ही एकदम स्वच्छ दिसायला लागले. दुसरा कोणी असता तर फडक्याने पुसून मोकळा झाला असता. याच्या लक्षात आलं की त्या जागी आपण मुद्दाम काहीतरी बसवलं तर आकाशातल्या गोष्टी मोजता येतील. मग त्याने दोन बारीक पट्ट्या बसवल्या, त्या स्क्रूने जवळ-लांब सरकवायच्या, चंद्र किंवा गुरू दोन्ही पट्ट्यांच्या मधे बरोबर बसला की स्क्रूचे किती फेरे झाले ते मोजायचे, त्यावरून त्या बिंबाचा कोन. मायक्रोमीटर! तोपर्यंत दुर्बीण बघायचं साधन होतं, ती मोजायचं साधन झाली, आणि ते करणारा माणूस तीन-चार वर्षांत एका माळावर राजासाठी मेला.

त्याची मित्रमंडळी पण बघा. विल्यम क्रॅबट्री हा मँचेस्टरजवळचा कापडवाला, आणि जेरेमाया हॉरॉक्स हा लँकशायरचा विशीतला पोरगा. १६३९ च्या नोव्हेंबरमध्ये शुक्र सूर्यासमोरून जाणार हे हॉरॉक्सने स्वतः गणित करून काढलं, आणि ते अधिक्रमण जगात फक्त या दोघांनी पाहिलं. हॉरॉक्स १६४१ मध्ये अचानक गेला, जेमतेम २२ वर्षांचा. क्रॅबट्री १६४४ मध्येच गेला. तिघंही संपले, कागदपत्रं विखुरली, काही जळाली.

शाळेत हे शतक आपल्याला दोन वेगळ्या पुस्तकांतून शिकवलं गेलं. इतिहासात चार्ल्सचं डोकं उडवलं, पार्लमेंटचा पुढारी क्रॉमवेल आला, गेला, राजा परत आला, १६८८ ची क्रांती, पाच मार्कांची टीप. विज्ञानात हार्वे, बॉइल, हूक, न्यूटन, प्रत्येकाचा एकेक फोटो. माझं म्हणणं असं की हे एकच पुस्तक आहे, तीच माणसं, तीच घरं, तीच वर्षं. आणि माझं ठाम मत सांगतो (चुकत असेन तर सांगा), तिथलं विज्ञान ज्या पद्धतीने उभं राहिलं ती पद्धत यादवी युद्धात पोळलेल्या लोकांनी घडवली.

पुरावा देतो. १६४५ च्या सुमाराला, युद्ध चालू असताना, लंडनमध्ये काही मंडळी दर आठवड्याला जमायची आणि प्रयोगांवर बोलायची. त्यातल्याच जॉन वॉलिस या गणितज्ञाने पुढे लिहून ठेवलंय की धर्म आणि राज्यकारभार हे दोन विषय आम्ही बैठकीत बंदच ठेवले होते. ज्या दोन विषयांवरून देशभर गळे कापले जात होते ते दोन विषय! पुढे ऑक्सफर्डला वॉडम कॉलेजात जॉन विल्किन्सकडे असाच कट्टा जमला. विल्किन्स पार्लमेंटने नेमलेला, नंतर तर त्याने क्रॉमवेलच्या बहिणीशी लग्न केलं. त्याच्याच छायेत वाढला ख्रिस्तोफर रेन, ज्याचा सख्खा काका, एक बिशप, पार्लमेंटने १८ वर्षं लंडनच्या टॉवर या किल्ल्यात डांबून ठेवला होता. ही दोन माणसं एका टेबलाशी कशी बसली? दोघांनाही पटेल अशी एकच गोष्ट टेबलावर ठेवायची ठरली म्हणून, डोळ्यांसमोर करून दाखवलेला प्रयोग.

२८ नोव्हेंबर १६६० ला, राजा परत येऊन सहा महिने झाले होते, ग्रेशम कॉलेजात रेनचं व्याख्यान झालं आणि त्यानंतर १२ जणांनी सोसायटी काढायचं ठरवलं. प्रवेश फी १० शिलिंग, आठवड्याची वर्गणी १ शिलिंग. त्या बारांत राजाबरोबर परदेशात वनवास भोगलेला रॉबर्ट मोरे होता आणि क्रॉमवेलच्या फौजेचा डॉक्टर गोडार्ड पण होता. हीच रॉयल सोसायटी. ब्रीदवाक्य लॅटिन, 'नलियस इन व्हर्बा', म्हणजे कोणाच्याही शब्दावर विसंबायचं नाही. जेमतेम डझनभर वर्षांपूर्वी राजाला मारलेल्या देशात हे वाक्य निवडलं गेलं हे लक्षात घेतलं की माझ्या तरी अंगावर काटा येतो.

इथे अनेक जाणकार आहेत, भर घाला.

रानवारा

सुंदर धागा. कोळ्याची गोष्ट माहीत नव्हती. एक बेसिक प्रश्न, भांडण नक्की कशावरून होतं? राजा विरुद्ध संसद एवढं कळतं पण मग धर्म कुठून आला मधे?

माळावरचा

रानवारा, बेसिक कसला, मूळ प्रश्न तोच आहे.

पैसा आणि प्रार्थना, दोन्ही गुंतलेले. चार्ल्सचा बाप पहिला जेम्स, हा आधी स्कॉटलंडचा राजा, १६०३ मध्ये एलिझाबेथ वारस न ठेवता गेली म्हणून इंग्लंडचाही झाला. राजा देवाने नेमलेला असतो असं बाप मानायचा, पण तो कुठे थांबायचं हे जाणून होता. पोराला ते जमलं नाही. १६२९ मध्ये त्याने पार्लमेंट बरखास्त केलं ते ११ वर्षं बोलावलंच नाही. मग पैसा आणायचा कुठून, कारण नवा कर पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय नाही. तर किनाऱ्यावरच्या गावांकडून आरमारासाठी घ्यायची जुनी जहाजपट्टी होती, ती त्याने समुद्र कधी न पाहिलेल्या आतल्या जिल्ह्यांवर पण लावली. जॉन हॅम्पडन नावाच्या जमीनदाराने २० शिलिंग भरायला नकार दिला आणि केस लढवली. पैशाचा प्रश्नच नव्हता, भरपूर श्रीमंत होता. १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने, ५ विरुद्ध. हॅम्पडन हरला, पण राजाने नेमलेल्या बारांतले पाच जण विरुद्ध गेले हे गावोगाव पोचलं.

आणि प्रार्थना. १६३७ मध्ये चार्ल्सने स्कॉटलंडवर नवं प्रार्थना-पुस्तक लादलं. एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये ते पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा लोकांनी बसायची स्टुलं फेकून मारली. त्यातून स्कॉटलंडशी युद्ध, युद्धाला पैसे, पैशासाठी झक मारत १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावं लागलं, आणि ११ वर्षं तोंड दाबून ठेवलेले लोक एकदम बोलायला लागले.

४ जानेवारी १६४२ ला राजा स्वतः शिपाई घेऊन पाच सदस्यांना पकडायला सभागृहात घुसला. ते आधीच निसटले होते. अध्यक्ष लेंथॉलला विचारलं ते कुठे आहेत, तर तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला की महाराज, हे सभागृह सांगेल तेच बघायला मला डोळे आहेत आणि तेच बोलायला जीभ. त्याच ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला राजाने निशाण उभारलं आणि युद्ध सुरू.

नाडीपरीक्षा

धाग्याचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे जरा लांबण लावते. मी फिजिऑलॉजी शिकवते, दरवर्षी फर्स्ट एमबीबीएसच्या मुलांना हार्वेचा प्रयोग स्वतःच्या हातावर करायला लावते. तुम्ही पण करून बघा. दंडावर रुमाल बांधा, फार घट्ट नाही, हाताच्या शिरा फुगतील. शिरेवर मधे मधे छोट्या गाठी दिसतात, त्या झडपा. एका बोटाने गाठीच्या खालच्या बाजूला शीर दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तिथून वर खांद्याकडे रक्त सारून त्या गाठीच्या पुढे न्या. मधला तुकडा रिकामा होतो आणि रिकामाच राहतो, वरून रक्त खाली येत नाही. आता खालचं बोट उचला, भरकन भरते. म्हणजे शिरेतलं रक्त एकाच दिशेने जातं, हृदयाकडे. मुलांचे चेहरे त्या क्षणी बघण्यासारखे असतात.

दीड हजार वर्षं डॉक्टर गेलनचं मानत होते की रक्त यकृतात तयार होतं आणि शरीर ते वापरून संपवतं. विल्यम हार्वेने साधा हिशोब केला. एका ठोक्याला हृदयातून फक्त अर्धा औंस रक्त बाहेर पडतं असं धरू, अर्ध्या तासात फक्त हजार ठोके धरू (प्रत्यक्षात दुप्पट असतात, त्याने मुद्दाम कमी धरले), तरी ५०० औंस झालं, म्हणजे १४ किलो. एवढं रक्त माणसात नसतंच, तर अर्ध्या तासात यकृत कुठून बनवणार? म्हणजे तेच रक्त फिरतंय. १६२८ मध्ये फ्रँकफर्टला पुस्तक छापलं, ७२ पानांचं.

आता धाग्याशी संबंध. हार्वे चार्ल्सचा राजवैद्य होता. २३ ऑक्टोबर १६४२, एजहिल, युद्धाची पहिली मोठी लढाई, राजाने आपली दोन पोरं, १२ आणि ९ वर्षांची, हार्वेच्या ताब्यात दिली. ऑब्री या त्याच्या ओळखीच्या चरित्रकाराने लिहिलंय की हार्वे पोरांना घेऊन कुंपणाच्या आडोशाला बसला आणि खिशातलं पुस्तक काढून वाचायला लागला, जवळच तोफगोळा पडला तेव्हा जागा बदलली. ती दोन पोरं म्हणजे पुढचा दुसरा चार्ल्स आणि दुसरा जेम्स. तो गोळा थोडा इकडे पडता तर काय झालं असतं.

पण मला सगळ्यात लागतं ते दुसरंच. लंडनला व्हाइटहॉलमधल्या त्याच्या खोल्या पार्लमेंटच्या शिपायांनी लुटल्या आणि कीटकांच्या जननावरची त्याची वर्षानुवर्षांची टिपणं नष्ट झाली. आयुष्यात सोसलेल्या सगळ्या नुकसानांत हेच सर्वांत जिव्हारी लागलं असं तो म्हणायचा. मग ऑक्सफर्डला, राजाची छावणी तिथेच होती, मित्राच्या खोलीत उबवायला बसलेल्या कोंबडीची अंडी तो रोज एकेक फोडून आत पिल्लू कसं घडतं ते बघत बसायचा. बाहेर युद्ध चालू आणि हा अंडी फोडतोय. साठी उलटली होती त्याची.

शॅननकाठची

माळावरचा दादा, लेख छान आहे पण मला एक गोष्ट खटकली आणि ती स्पष्ट लिहिते. मी आयर्लंडमध्ये लिमरिकला नर्स आहे, १४ वर्षं झाली. इथे क्रॉमवेलचं नाव आजही लोक ज्या आवाजात घेतात तो आवाज तुमच्या लेखात नाही.

सप्टेंबर १६४९, द्रोहडा. राजाला मारून सात-आठ महिने झाले होते. क्रॉमवेलने शहर घेतलं आणि आतल्या शिबंदीची कत्तल केली, पाद्री मारले, शरण आलेले मारले, चर्चच्या बुरुजात लपलेल्यांना आग लावून जाळलं, आणि हा देवाचा न्याय आहे असं स्वतः पत्रात लिहिलं. पुढच्या महिन्यात वेक्सफर्ड. त्यानंतर कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या आणि त्यांना शॅनन नदीच्या पलीकडे, कॉनाक्टच्या खडकाळ भागात जायला सांगितलं.

आता तुमचा मुद्दा की विज्ञान त्या युद्धातून घडलं. बरोबर आहे. पण कसं ते पण बघा ना. काढून घेतलेल्या जमिनी शिपायांना पगाराऐवजी वाटायच्या होत्या, त्यासाठी मोजायला पाहिजेत. ते काम घेतलं विल्यम पेटीने. डॉक्टर, ऑक्सफर्डच्या त्याच कट्ट्यावरचा, १६६० च्या त्या बारांपैकी एक. १६५५-५६ मध्ये त्याने शिपायांनाच मोजणीची साखळी धरायला शिकवलं, कामाचे तुकडे पाडले, कोणी मोजायचं, कोणी लिहायचं, कोणी नकाशा काढायचा, आणि जवळजवळ वर्षभरात देशाचा मोठा भाग मोजला. डाउन सर्व्हे म्हणतात. इतकं पद्धतशीर काम तोपर्यंत जगात झालं नव्हतं असं इथलेच अभ्यासक सांगतात. आणि पेटीला स्वतःला केरीमध्ये हजारो एकर मिळाले.

त्या नकाशांवर गावांची नावं आहेत. त्यातल्या एका गावात माझी एक पेशंट आजी राहते. मोजणी अचूक होती, म्हणूनच जमीन परत मिळाली नाही.

माळावरचा

ताई, हे मी लिहायलाच हवं होतं. पेटीचं नाव मला माहीत होतं, रॉयल सोसायटीचा संस्थापक म्हणूनच वाचलं होतं, साखळीचं दुसरं टोक मी बघितलं नव्हतं. माझं विधान जरा बदलतो. बैठकीत राज्यकारभाराची चर्चा बंद होती, पण बैठकीतली माणसं राज्यकारभारातच होती. वॉलिससुद्धा पार्लमेंटसाठी राजाच्या लोकांची सांकेतिक पत्रं फोडून द्यायचा.

काळा कोट

मी फौजदारी वकिली करतो त्यामुळे माझा जीव खटल्यात अडकलाय.

२० जानेवारी १६४९, वेस्टमिन्स्टर हॉल. त्याआधी डिसेंबरमध्ये कर्नल प्राइडने सैन्य दारात उभं करून नको असलेले खासदार बाहेरच अडवले, उरलेल्यांनी कोर्ट बनवलं. १३५ जण नेमले, निम्मे आलेच नाहीत. सेनापती फेअरफॅक्सचं नाव पुकारलं तेव्हा गॅलरीतून एका बाईचा आवाज आला, इथे न येण्याइतकी अक्कल त्यांना आहे. ती त्याची बायको होती. अध्यक्ष ब्रॅडशॉने हल्ल्याच्या भीतीने आतून लोखंड लावलेली टोपी घातली होती. सरकारी वकील जॉन कुक आरोप वाचायला लागला, राजाने थांब म्हणून त्याला काठीने टोचलं तर काठीची चांदीची मूठ निखळून पडली. राजा थांबला, कोणीतरी उचलून देईल म्हणून. कोणी हललं नाही. मग तो स्वतः वाकला. मला वाटतं निकाल तिथेच लागला.

पण राजाचा युक्तिवाद कायद्याने बळकट होता. कोणत्या अधिकाराने मला इथे आणलं ते आधी सांगा, एवढंच तो विचारत राहिला आणि आरोपांना उत्तर द्यायला नकार दिला. ज्या कायद्याने राजावर खटला चालतो तो कायदा तोपर्यंत अस्तित्वातच नव्हता. कुकचा मुद्दा असा की राजाला अधिकार विश्वासाने दिलेले असतात, जनतेवरच शस्त्र उचलणारा त्या विश्वासाचा भंग करतो. आज कोणत्याही हुकूमशहावर खटला चालतो तेव्हा त्याचा वकील चार्ल्सचा प्रश्न विचारतो आणि सरकारी पक्ष कुकचं उत्तर देतो.

५९ सह्या. ३० जानेवारीला थंडी इतकी होती की राजाने दोन सदरे मागितले, थरथरलो तर लोकांना वाटेल घाबरलो. व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाऊसच्या बाहेर मंच होता. ज्या दिवाणखान्यातून तो चालत गेला त्याच्या छतावर रुबेन्सने रंगवलेलं त्याच्या बापाचं स्वर्गारोहण आहे, ते त्यानेच करवून घेतलेलं. १६६० मध्ये कुकला हालहाल करून मारलं, आणि ३० जानेवारी १६६१ ला, तारीख मुद्दाम तीच, क्रॉमवेल आणि ब्रॅडशॉची प्रेतं उकरून टायबर्नला फासावर लटकवली.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलंय. १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा याच शतकातला, कोणी बेकायदा डांबून ठेवलाय असं वाटलं की मी आपल्या घटनेच्या कलम २२६ खाली जी याचिका हायकोर्टात टाकतो तिचं नावसुद्धा बदललेलं नाही. आणि १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये सभागृहातल्या भाषणाबद्दल कोर्टात जाब विचारता येणार नाही असं आहे, आपल्या कलम १०५ आणि १९४ मध्ये तेच. रानवारा, लेंथॉल ज्यासाठी गुडघ्यावर बसला ते हे.

पत्रावळ

धागा आवडला. एक शंका, काही ठिकाणी राजाच्या मृत्यूचं साल १६४८ दिलेलं वाचलं, मृत्यूच्या हुकुमावर पण १६४८ आहे म्हणतात. आणि न्यूटनचा जन्म कुठे १६४२ तर कुठे १६४३. चूक कोणाची?

शकसंवत

पत्रावळ, चूक कोणाचीच नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी हा आधीच्याच वर्षात. आणि कॅलेंडर ज्युलियन, युरोपातल्या कॅथलिक देशांपेक्षा १० दिवस मागे, पोपने केलेली सुधारणा घ्यायची नाही म्हणून १७५२ पर्यंत घेतली नाही. न्यूटन तिकडच्या २५ डिसेंबर १६४२ ला जन्मला, ग्रेगोरियनने ४ जानेवारी १६४३. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला असं आपण म्हणतो ते दोन वेगळी कॅलेंडरं मिसळून. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही पण ज्युलियन तारीख आहे, ग्रेगोरियनने १ मार्च येते.

सातबेटकर

शकसंवत यांनी महाराजांचा विषय काढलाच आहे तर इकडची बाजू लिहितो.

१६६० चा उन्हाळा. लंडनमध्ये दुसरा चार्ल्स २९ मे ला वाजत गाजत परत आला. त्याच महिन्यांत पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा होता आणि राजापूर वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन लांब पल्ल्याच्या तोफा घेऊन जौहरच्या मदतीला गेला, इंग्रजांचं निशाण लावून गडावर गोळे टाकले. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर घेतलं आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैद केलं. त्यातले शेवटचे १६६३ मध्ये सुटले.

आणि मुंबई! राजा परत आला तो कफल्लक. १६६१ च्या तहात पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरलं, आंदणात मुंबई. इथल्या पोर्तुगीजांनी ताबा द्यायला इतकी टाळाटाळ केली की बेट हातात यायला फेब्रुवारी १६६५ उजाडला. खर्च परवडेना म्हणून १६६८ मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला १० पौंड सोन्यात, या भाड्याने.

माळावरचा यांच्या धाग्यात शोभेल असं प्रकरण १६८३ चं आहे. रिचर्ड केग्विन हा मुंबईच्या फौजेचा कप्तान, कंपनीने पगार आणि भत्ते कापले, शिपाई चिडले होतेच. डिसेंबरमध्ये याने डेप्युटी गव्हर्नरला पकडलं आणि जाहीर केलं की मुंबई आता कंपनीची नाही, राजाची. जवळजवळ वर्षभर कारभार केला, संभाजी महाराजांशी करारही केला, आणि नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या बोलीवर किल्ला सोडला. सत्ता नक्की कोणाच्या नावाने चालते हा तिकडचा प्रश्न फोर्टच्या तटावर येऊन उभा राहिला होता.

त्रिज्या

न्यूटनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते.

सफरचंद बाजूला ठेवू. जानेवारी १६८४ मध्ये रेन, हूक आणि हॅली बोलत होते की सूर्याची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल तर ग्रहाचा मार्ग कसा असेल. रेन म्हणाला सिद्ध करून दाखवा, ४० शिलिंगचं पुस्तक बक्षीस. हूक म्हणाला माझ्याकडे आहे, पण दाखवलं नाही. ऑगस्टमध्ये हॅली केंब्रिजला न्यूटनकडे गेला आणि तोच प्रश्न विचारला. न्यूटनने लगेच सांगितलं, लंबवर्तुळ. कशावरून? मी गणित केलंय. कागद शोधला, सापडला नाही. मग पुन्हा करून पाठवतो म्हणाला, आणि ते 'पुन्हा' वाढत वाढत प्रिन्सिपिया झालं. पुस्तक छापायला सोसायटीकडे पैसे नव्हते, आधीच माशांच्या इतिहासावरचं एक महागडं पुस्तक छापून बसले होते आणि ते खपत नव्हतं. हॅलीने स्वतःच्या खिशातून छापलं. त्याला सोसायटीने त्याचा पगार त्या न खपलेल्या मासे-पुस्तकाच्या ५० प्रतींच्या रूपात दिला!

आता तारखा बघा. १६८७ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या जेम्सने (एजहिलच्या कुंपणाआडचं ते धाकटं पोर) केंब्रिजला हुकूम पाठवला की एका कॅथलिक (बेनेडिक्टिन) साधूला शपथ न घेता पदवी द्या. विद्यापीठाने नकार दिला. एप्रिलमध्ये कुलगुरू आणि आठ प्रतिनिधींना लंडनला बोलावलं, आणि समोर बसलेला कोण तर जज जेफ्रीज, दोनच वर्षांपूर्वी ड्यूक ऑफ मॉनमथच्या बंडानंतर शेकडो लोकांना फासावर पाठवलेला. त्या आठांत न्यूटन होता. त्याच एप्रिलमध्ये प्रिन्सिपियाचा तिसरा खंड हॅलीकडे पोचला. आयुष्यभर कोणाशी जाहीर वाद नको म्हणून पुस्तकं दडवून ठेवणारा हा माणूस त्या खोलीत उभा राहिला. कुलगुरूची नोकरी गेली. पुस्तक जुलैत आलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जेम्सचा डच जावई विल्यम ऑफ ऑरेंज फौज घेऊन उतरला, जेम्स पळताना राज्याचा शिक्का थेम्समध्ये टाकून गेला, आणि १६८९ च्या पार्लमेंटमध्ये केंब्रिजचा खासदार म्हणून न्यूटन बसला होता.

पेनसिल्वी

सगळ्या प्रतिसादांत बाई एकच, गॅलरीतली. म्हणून मार्गारेट कॅव्हेंडिश.

३० मे १६६७ ला ती रॉयल सोसायटीच्या बैठकीला गेली. आधी वाद झाला बोलवावं की नाही यावर. बॉइलने हवेचं वजन करून दाखवलं, सूक्ष्मदर्शक दाखवला. ही स्वतः तत्त्वज्ञानावर पुस्तकं स्वतःच्या नावाने छापणारी बाई होती आणि हूकच्या सूक्ष्मदर्शकावर तिने छापील टीका केली होती, की भिंगातून मोठं दिसतं ते खरंच तसं असतं कशावरून? प्रश्न चुकीचा नव्हता. त्यानंतर सोसायटीत पहिल्या बायका फेलो म्हणून आल्या १९४५ मध्ये, कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन. २७८ वर्षं.

आणि माळावरचा, तुमच्यासाठी. तिचा नवरा न्यूकॅसलचा मार्क्विस, मार्स्टन मूरला राजाच्या उत्तरेकडच्या सैन्याचा सेनापती. त्याच्या पांढऱ्या डगल्यांच्या पलटणीने माघार घेतली नाही आणि जवळजवळ सगळी तिथेच कापली गेली. तो काही दिवसांतच देश सोडून गेला, पॅरिसला निर्वासित राणीच्या दरबारात ही दासी होती, तिथे त्यांची गाठ पडली.

रानवारा

गॅस्कॉइनच्या त्या यंत्राचं पुढे काय झालं? तो मेल्यावर हरवलं का?

माळावरचा

पेनसिल्वी, त्रिज्या, काळा कोट, नाडीपरीक्षा, सातबेटकर, शकसंवत, शॅननकाठची ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. पांढऱ्या डगल्यांचं वाचून परवाची शेतं पुन्हा डोळ्यांसमोर आली.

रानवारा, हरवलं नाही. लँकशायरमध्ये बर्नलीजवळ टाउनली हॉल आहे, तिथल्या टाउनली घराण्यात गॅस्कॉइन आणि क्रॅबट्रीची पत्रं आणि ते यंत्र येऊन पडलं. घराणं कॅथलिक, त्यामुळे विद्यापीठाची दारं बंद, सरकारी पद बंद. घरातला रिचर्ड टाउनली घरीच प्रयोग करायचा. हवेचा दाब आणि आकारमान यांचं जे नातं आपण बॉइलचा नियम म्हणून पाठ केलं ते बॉइलने स्वतः टाउनलीची कल्पना म्हणून छापलंय.

१६६७ मध्ये फ्रेंचांनी असंच मापनयंत्र केल्याचं छापून आलं तेव्हा टाउनलीने रॉयल सोसायटीला कळवलं की हे आमच्याकडच्या एका माणसाने यादवीच्या आधीच केलं होतं, यंत्र माझ्याकडे आहे, मी ते सुधारून वापरतो. हूकने त्याचं चित्र काढून सोसायटीच्या नियतकालिकात दिलं. १६७२ मध्ये जॉन फ्लॅमस्टीड नावाचा तरुण टाउनलीकडे जाऊन ती पत्रं वाचत बसला. तीन वर्षांनी दुसऱ्या चार्ल्सने ग्रिनिचला वेधशाळा काढली, रेनने आराखडा केला, नासकी दारू (बंदुकीची) विकून बांधकामाचे ५२० पौंड उभे केले, आणि पहिला राजज्योतिषी नेमला तो हाच फ्लॅमस्टीड.

टाउनलीच्या वडिलांचं नाव चार्ल्स. ते पण राजाकडून लढले, आणि २ जुलै १६४४ च्या संध्याकाळी मार्स्टन मूरला मारले गेले. गॅस्कॉइनच्याच माळावर. पोरगा तेव्हा १४ वर्षांचा होता.